गावची खुर्ची

मला नोकरीवर ठेवताना खांबेटे बाईंनी एकच प्रश्न विचारला होता. "तुझे केस वाळायला किती वेळ लागतो?"

मी मळवलीची. वडील मुंबईकरांच्या बंगल्यांची राखण करायचे. बारावीनंतर मी ग्रंथालयाचा छोटा कोर्स केला होता आणि मुलाखतीसाठी वर्गीकरणाचे आकडे घोकून घोकून गेले होते. आणि ही बाई माझ्या वेणीकडे बघतेय! मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला असणार. म्हटलं, "पावसाळ्यात होय? तास-दीड तास तर लागतोच."

"मग एक तर कापून ये, नाहीतर रोज तासभर आधी ये."

मी काही केस कापले नाहीत. अकरा वर्षं तासभर आधी गेले.

त्या प्रश्नामागचं कारण आधी सांगते, नाहीतर बाई तुम्हालाही विक्षिप्तच वाटतील. तशा त्या होत्याच, पण कारणाने होत्या. लोणावळ्याच्या त्या वनस्पती-संस्थेत पुस्तकं पुष्कळ होती, पण ती इतरत्रही मिळतात. न मिळणाऱ्या होत्या त्या एक्केचाळीस वह्या. संस्था ज्यांनी काढली त्या थोरल्या सरांनी तरुणपणी अख्खं मावळ पायी पालथं घातलं होतं आणि झाडापाल्याबद्दल ज्याने जे सांगितलं ते त्याच्या नावासकट, गावासकट, त्याच्याच तोंडच्या शब्दांत उतरवून घेतलं होतं. त्या वह्यांची दुसरी प्रत जगात नाही.

आणि आमची हवा कशी? चार महिने मिठाचं पाणी होतं, लोणच्याला बुरा, कपाटातल्या चपलांना बुरा. वहीच्या कागदाची काय कथा! म्हणून वाचनाची खोली काचबंद होती. खिडक्या पक्क्या बंद, कोपऱ्यात दमट हवा ओढून घेणारं यंत्र घरघरत असायचं, आणि भिंतीवर ओलावा दाखवणारी एक गोल तबकडी. तिच्यावर एक काटा आणि एक लाल रेघ. माणूस आत आला की ओल घेऊन येतो, कपड्यांत, केसांत, श्वासातसुद्धा. बाईंनी कितीएक पावसाळे बघून हिशेब बसवला होता की आत आमच्याखेरीज पाच माणसं असली तर काटा रेघेच्या अलीकडे राहतो, सहावं आलं की चिकटतो. चिकटला की वह्या मिटायच्या आणि सगळ्यांनी बाहेर, मग तो कुलगुरू असो नाहीतर कोणी.

"काटा कुठे आहे?" हे बाई दिवसातून पंचवीस वेळा विचारायच्या. मी जेवत असले तरी, फोनवर असले तरी. आणि मी म्हणायचं, "जागेवर आहे, बाई." पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, "गाडी चुकली म्हणून थापा मार, मला चालेल. खोटं बोलताना तुझा आवाज चढतो, मला कळतंच. पण काट्याबद्दल एकदा जरी खोटं बोललीस तर त्या दिवशी घरी."

दिसायला बाई एवढ्याशा. तळेगावच्या माहेरच्या, लग्न केलं नाही, भांगरवाडीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर, कमरेला नॅपकिन खोचलेला आणि अंबाड्यात पेन्सिल. वाचनाच्या खोलीत शाईला बंदी, त्यामुळे पेन्सिल नेहमी तयार. माझ्याखेरीज सगळ्या जगाला त्या अहो-जाहो करायच्या. परदेशातून आलेल्या पाहुण्याला जे "अहो वाचक, आधी पाय पुसा", तेच औंढ्याहून आलेल्या गुराख्याला. एका मोठ्या शास्त्रज्ञाला त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर वीस मिनिटं वाळत बसवलेलं मी पाहिलंय. नुसतं बसवलं नाही, त्याची पँट कोरडी झाली का ते हात लावून बघितलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना काही नाही.

तर पावसाळ्यात खुर्च्या पाच आणि माणसं ढीगभर. त्यासाठी बाईंनी वाटणी केली होती. दोन खुर्च्या बाहेरच्या संशोधकांना, त्यांनी आपल्या विद्यापीठाची चिठ्ठी आणायची. दोन आमच्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना. आणि एक गावकऱ्यांना, ज्यांची गावं वह्यांत आहेत त्यांना. फॉर्मवर तीन चौकोन होते, त्यातल्या एकात खूण करायची. खाडाखोड चालणार नाही.

पूर्वी चौथाही चौकोन होता, 'इतर'. त्याची गंमत सांगते. एकदा जुलैमध्ये विश्वस्तांपैकी कोणाचं तरी कार्ड घेऊन चौघं आले. शनिवार-रविवारचे पाहुणे, बंगल्यात लाइट नव्हती. 'इतर'वर खूण करून जे बसले ते तीन तास मोबाइलमध्ये डोकं घालून. वर मला विचारतात, "इथे कांदाभजी मिळतील का हो?" आणि त्या वेळी कामशेतहून आलेली आमची एक विद्यार्थिनी बाहेर बाकावर कुडकुडत होती. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत बाईंनी अर्ज टाकला, वर्षभर भांडल्या आणि 'इतर' काढून टाकायला लावला. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या संस्थेला पेढे वाटले. शिपायाला तर दोन दिले.

गावच्या खुर्चीवरून मात्र कायम वादावादी. ऐन जुलैत गावं भातलावणीत असतात. कोण येणार वह्या बघायला? खुर्ची आठवडेच्या आठवडे मोकळी. एक प्राध्यापक तिसऱ्या दिवशी भडकले. "मी एवढ्या लांबून आलोय आणि डोळ्यांसमोर खुर्ची रिकामी!"

"रिकामी नाही," बाई म्हणाल्या. "तिचा माणूस वाटेवर आहे."

"कधी पोचणार तो?"

"पितृपंधरवड्यात."

त्यांना वाटलं बाई टिंगल करताहेत. पण ते खरंच होतं. आमच्याकडे पितृपंधरवड्यात गावोगावचे लोक यायचे. घरी पान वाढून, कावळ्याला घास घालून झाला की कोणी औंढ्याहून, कोणी वडिवळ्याहून यायचं आणि म्हणायचं, "आमच्या आज्याचं पान ऐकायचंय." आजा-पणजाने थोरल्या सरांना जे सांगितलं ते ऐकायचं, हात जोडायचे, निघून जायचं. फोटो नाही, घर बदललेलं, जमीन गेलेली, पण म्हातारा काय बोलला ते जसंच्या तसं वहीत आहे! ही चाल कोणी पाडली कोण जाणे. पण बाईंनी तिच्यासाठी नियमावलीत सातवं कलम घालून घेतलं होतं: ज्या वाचकाला वाचता येत नाही त्याला ग्रंथालयाच्या माणसाने वाचून दाखवावे, आणि वाचकाला नीट ऐकू जाईल इतक्या आवाजात.

वडिवळ्याच्या हौसामावशी दरवर्षी ठरलेल्या. सत्तरीची बाई, पण कान असे की फाटकाशी गाडी वळली की आत बसून सांगायची, "साहेब आले गं तुझे." तिच्या वडलांचं पान मला पाठ झालंय. 'बाळू भिवा, वडिवळे. भारंगीची पाने दोनदा उकडून पाणी टाकून द्यावे, नाहीतर भाजी कडू लागते. हे सांगताना हसतो. म्हणतो, बायकोला हे अजून जमत नाही.' मावशी दरवर्षी इथे तोंडाला पदर लावून हसायची. "व्हय, व्हय. आय लय चिडायची त्याच्याव."

आता ज्या गोष्टीने बाईंना धरून ठेवलं ती. मी लागले त्याच वर्षी औंढ्याचा एक माणूस आला. आजोबाचं नाव ठाऊक, पान कुठलं ते नाही. वह्या सरांनी फिरतील तशा लिहिलेल्या, त्यांना ना क्रम ना सूची. बाईंनी आणि मी एकामागून एक वह्या उलटल्या. संध्याकाळ झाली, कुलूप लावायची वेळ झाली. तो माणूस उठला, म्हणाला, "असू द्या बाई. नसंल सांगितलं त्यानं." आणि गेला. दोन महिन्यांनी भलतंच काहीतरी शोधताना ते पान सापडलं. निरोप धाडला तर कळलं, तो माणूस गेला.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सूची करायला घेतली. गाव, माणसाचं नाव, त्याने काय सांगितलं ते एका ओळीत, वही, पान. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी. पण कामाच्या वेळात स्वतःचं काम करायचं नाही हा त्यांचाच नियम आणि वाचकाची खुर्ची नोकराने अडवायची नाही हाही त्यांचाच. मग जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास, कपाटाशी उभ्याने. अकरा वर्षं मी ती पाठ बघितली. कपाटाच्या कडेला वही टेकवलेली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार. "बाई, बसा की, कोणी नाहीये." तर म्हणायच्या, "तू आहेस ना." असा राग यायचा मला!

चाळीस वह्या झाल्या. राहिली एक, फक्त तीच एका गावाची, वडिवळ्याची, सगळ्यांत जाडजूड. आणि मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, नारळ घेतला, घरी गेल्या. जूनमध्ये वाचक म्हणून परत आल्या, काउंटरवरून फॉर्म उचलला, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि तशाच उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "काय झालं?"

"मी कोण?" त्यांनी विचारलं.

तीन चौकोन. संशोधक? चिठ्ठी कोण देणार, त्या कुठल्याच विद्यापीठात नव्हत्या. विद्यार्थी? नाही. गावकरी? तळेगावची बाई कुठल्या वहीत नव्हती. आणि 'इतर' त्यांनीच भांडून काढून टाकलेला, वर पेढे वाटलेले. बाईंनी फॉर्म कोरा परत ठेवला. मी चेष्टेवारी नेलं, "बाई, चढवते मी तुम्हाला विद्यार्थ्यांत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फॉर्मांचा गठ्ठा सरळ करायला लागले.

संचालक भला माणूस. म्हणाले, चिठ्ठी मी देतो. बाई म्हणाल्या, "तसल्या चिठ्ठ्या मी आयुष्यभर परत पाठवल्या." मी म्हटलं, वहीचे फोटो काढून देते. तर फोटोबंदी. मध्यंतरी एकाने फोटो काढून नेले होते आणि गावच्या म्हातारीने सांगितलेलं औषध बाटलीत भरून विकलं होतं. तेव्हापासून मोबाइल बाहेरच्या कपाटात, हाही नियम कोणाचा ते सांगायला नको. शेवटी बाईंनी रीतसर अर्ज दिला, फॉर्मात 'निवृत्त' असा चौकोन घालावा. उत्तर आलं, अर्ज दिवाळीच्या बैठकीत विचारात घेतला जाईल.

आणि जुलैत पत्र आलं. दमट हवेमुळे सगळ्या वह्या महिनाअखेर पुण्याच्या मुख्य कार्यालयात हलवायच्या. तिथे फक्त चिठ्ठीवाल्या संशोधकांना प्रवेश. कारण खोटं नव्हतं, कागद खरंच खराब होत होते. पण वडिवळ्याहून पितृपंधरवड्यात पुण्याला कोण जाणार, आणि गेलं तर आत कोण घेणार? मागे राहणार ती बाईंची सूची. तिच्या प्रती त्या गावोगाव देणार होत्या, म्हणजे आज्याचं निदान नाव आणि एक ओळ गावात राहील. चाळीस वह्यांची गावं राहणार होती. वडिवळं तेवढं जाणार होतं.

बाई रोज दहाला येऊ लागल्या. आत नाही, व्हरांड्यातल्या बाकावर. "बाकाला फॉर्म लागत नाही," म्हणाल्या. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात वडिवळ्यासाठी कापून ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या. काचेतून समोर दिसायची मोकळी गावची खुर्ची. मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, लावणी चाललीय, कुत्रं फिरकणार नाही. बसा तिथे. हात जोडते."

"तिचा माणूस वाटेवर आहे."

"तो पंधरवड्यात येणार! तोवर वह्याच नसतील!"

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मला त्यांचे डोळे भरलेले दिसले. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? पण आज मी बसले तर त्या प्राध्यापकाला मी काय म्हणून बसू दिलं नव्हतं?"

बाईंची जागा भरली नव्हती, जेवणाची सुट्टीही मी काउंटरवरच काढायचे, म्हणजे त्यांच्यासारखा उभ्याने अर्धा तासही मला नव्हता. किल्ल्या माझ्या कमरेला, वही माझ्या कपाटात, आणि मला हलता येत नव्हतं. घरी जाऊन मी आईपाशी रडले. आई म्हणाली, "तुझी बाई येडी हाय." मी आईवरच ओरडले.

सोमवारी पेट्या भरणार होत्या. आदल्या शनिवारी अकराच्या सुमाराला फाटकातून हौसामावशी आली. प्लास्टिकची खोळ डोक्यावर, पायाला पोटरीपर्यंत चिखल, तशीच खाचरातून उठून आलेली. वह्या चालल्यात हे मीच तिच्या भाच्याजवळ फोनवर बोलले होते. जास्त काही नाही.

बाईंनी उठून तिला नळावर नेलं. पाय धुववले, कमरेचा नॅपकिन काढून केस पुसले, शेजारी वाळत बसवलं. मावशीने डबा बघितला, कोऱ्या चिठ्ठ्या बघितल्या. "आन् तुमी भाईर का बसलाय?" बाईंनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. वडिवळ्याचीच वही राहिली हेही सांगितलं.

मावशी म्हणाली, "मंग माज्या जागंव बसा की तुमी. मी देते."

"तशी देता येत नाही हो, मावशी."

मावशी उठली, काउंटरवर अंगठा उठवला आणि आत जाऊन गावच्या खुर्चीत बसली. मी सवयीने तिच्या बापाचं पान काढलं.

"तेवढंच नगं," मावशी म्हणाली. "समदी वही वाच. पयल्या पानापास्नं. आता कवा ऐकायला मिळंल?"

मी वाचायला लागले. चार ओळी झाल्या नाहीत तोच म्हणाली, "मोट्यानं वाच गं. मला आताशा कमी ऐकू येतंय."

फाटकातली गाडी ओळखणारी बाई! मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, चेहरा अगदी देवळात बसल्यासारखा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काउंटरशी फॉर्म आत-बाहेर द्यायची एक छोटी खिडकी होती, आणि तिच्या बरोबर खाली बाहेरचा बाक. मी मावशीची खुर्ची खिडकीशी ओढली, झापा उघडून त्यात ठोकळा अडकवला आणि बेंबीच्या देठापासून सुरुवात केली. "सखू नामू, वडिवळे! शेवळाच्या भाजीत आंबट काकडं घालावीत, नाहीतर घसा खाजतो! म्हणते, एकदा सासूने मुद्दाम घातली नव्हती!"

एक संशोधक तणतणत उठले. मी भिंतीवरच्या सातव्या कलमाकडे बोट केलं आणि पुढचं नाव घेतलं. बाहेर काहीच हालचाल नव्हती. बाई उठून गेल्या की काय? दुसरं पान, तिसरं पान. मग खिडकीखालून आवाज आला, "जरा सावकाश वाच."

आम्ही दुपारी जेवलो नाही. मावशी मधेमधे म्हणायची, "ही आमची चुलती", "ह्याचं घर आता न्हाई", आणि मी मुद्दाम थांबायचे, म्हणजे खाली लिहून व्हायचं. तीन वाजेपर्यंत निम्म्याच्या पुढे गेलो. पण खिडकी उघडी होती. बाहेर धुकं उतरलं, झाप्यातून ते सरळ आत येऊ लागलं. यंत्र घरघरून थकलं. मी मान वर केली तर काटा लाल रेघेला चिकटून पलीकडेही गेला होता. म्हणजे वही मिटायची, खिडकी लावायची आणि सगळ्यांनी बाहेर. सोमवारी पेट्या.

माझं वाचणं थांबलं तशी बाहेरची पेन्सिलही थांबली.

"सुनंदा," बाईंनी विचारलं, "काटा कुठे आहे?"

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने तबकडीकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडावरून सगळं कळलं.

"जागेवर आहे, बाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मला स्वतःला ऐकू आला.

खिडकीतून मला फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता, पेन्सिल नसलेला. तो वर वळला नाही. मग डब्यातून एक कोरी चिठ्ठी काढल्याचा आवाज आला.

"पुढचं नाव सांग," बाई म्हणाल्या.